कूलरच्या खोलीतला हिरवा चारा

गाईच्या चाऱ्यासाठी घरच्या पाहुण्यांना घामाघूम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. रायपुरात बूढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी मी भाड्यानं आलो तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. माझ्या आईइतकंच त्याचं कौतुक कुणाला वाटलं असेल तर ते या काकांना. रेल्वेतून निवृत्त झालेले. घरातला एकुलता एक कूलर त्यांनी मक्याला लावला होता. त्या खोलीत मांडणीवर ट्रे, ट्रेमध्ये माती नाही, नुसतं मोड आलेलं धान्य. त्यावर ते सारखं पाणी फवारत आणि आठवडाभरात हिरवीगार गादी उगवे. आत चप्पल चालत नसे. बुरशी धरली का म्हणून प्रत्येक ट्रेला नाक लावून पाहत. एकदा त्यांचे व्याही उकाड्यानं कासावीस झाले, तर काका ट्रेकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाहेर जाऊन हवा खाऊ शकता. याईले पाय हाय काय?"

हे सगळं एका म्हाताऱ्या गाईसाठी. काकू वारल्यापासून ती खाईना. दात झिजले, सुका पेंढा चावत नसेल, असं ठरवून काकांनी हा कोवळा चारा सुरू केला. तरी गाय दोन घास घेऊन तोंड फिरवी. बरगड्या दिसू लागल्या. काकांनी मका सोडून गहू पेरला, गहू सोडून जव, पाणीही उकळून गार केलेलं. "माझंच काही चुकून राहिलं," एवढंच म्हणत.

नवरात्रात शेजारच्या चाची आल्या. इकडे त्या दिवसांत घरोघरी गव्हाचा जंवारा पेरून त्या कोवळ्या अंकुरांनाच देवी म्हणून पुजतात. ट्रे पाहून त्यांनी उंबऱ्यातच हात जोडले. "भैया, इतना जंवारा! बताए भी नहीं?"

काकांना खरं सांगवेना. शेवटी मीच सांगितलं, हा गाईचा चारा आहे. चाचींनी ट्रेकडे पाहिलं, अंगणातल्या गाईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हव, गाय घलो त दाईच आय." गाय तरी आईच की! जंवारा विसर्जनाला नेतात तसा त्यांनी ट्रे डोक्यावर घेतला, अनवाणी अंगणात गेल्या आणि मूठमूठ भरवू लागल्या. हातभर काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. गाईनं कान टवकारले. सगळा ट्रे संपवला.

"चारा चांगलाच होता ना रे?" काकांनी मला विचारलं.

"चांगलाच होता, काका."

"तुह्या काकूच्या हातातबी अशाच बांगड्या राहत. मले काहून नाही सुचलं?"

आता रोज सकाळी ट्रे तयार करून काका चाचींना हाक मारतात आणि स्वतः भिंतीआड जाऊन उभे राहतात. मी दिसलो तर गाय खायची नाही, म्हणतात. पण बांगड्यांची किणकिण थांबून चाची गेल्यावरही ते लगेच बाहेर येत नाहीत.