दसऱ्याला घासलेली शेगडी

नेरळ आणि भिवपुरीच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी आमची बंगल्यांची छोटी सोसायटी आहे. आम्ही दोघं नवरा-बायको आणि आणखी तीन घरं सोडली, तर बाकीचे सगळे शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. अध्यक्षही त्यांतलेच. दीड दिवसात आठवड्याभराचा कारभार उरकायचा असल्यामुळे ते दिसेल त्या गोष्टीचं उद्घाटन करतात. पाण्याच्या पंपाचं केलं, कचऱ्याच्या डब्यांचं केलं, आणि क्लबहाऊसच्या मागच्या अंगणात बार्बेक्यू आला तेव्हा त्याचीही फीत कापली. कोळशावर चालणारा, चार चाकांचा, मोठ्या झाकणाचा. आत अर्ध्या भागात जाडजूड सळ्या आणि अर्ध्या भागात सपाट तवा, दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. "आज आपली सोसायटी एका वेगळ्या पातळीवर गेली आहे," असं अध्यक्ष म्हणाले. फरशी उतरती असल्यामुळे त्या वेळी मी एका चाकाखाली पुठ्ठा सारत होतो.

क्लबहाऊसची झाडलोट करायला शेजारच्या गावातून एक बाई येते. तिला सगळे मावशी म्हणतात. वयानं ती आमच्यातल्या बहुतेकांची धाकटी बहीण शोभेल. बार्बेक्यूला ती पहिल्या दिवसापासून शेगडी म्हणते. त्या शेगडीची देखभालही तिनं कुणाला न विचारता आपल्याकडे घेतली होती. जेवणं झाली की सळ्या गरम असतानाच तारेच्या ब्रशनं खरवडायच्या. मग अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून, सळ्यांवरून आणि तव्यावरून फिरवायचा. राख गार झाली की लगेच उपसायची, खालची वाऱ्याची भोकं काडीनं मोकळी करायची आणि वर कव्हर घालायचं. या कामाला तिला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे. सळ्या काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या आणि त्यांच्यावर काही चिकटत नव्हतं.

अध्यक्षांना मात्र तो काळेपणा खुपायचा. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं.

"ही स्वच्छता? यंदा खंडेनवमीला आपण सोसायटीच्या यंत्रांची पूजा करतोय. पंप, जनरेटर आणि हा. असा काळा देवापुढे ठेवायचा?"

"बीड हाय ते, साहेब," मावशी म्हणाली. "काळंच पायजे."

"पनवेलची एक एजन्सी आहे. युनिफॉर्म, मशीन, सगळं घेऊन येतात," अध्यक्ष तिच्याकडे न बघता म्हणाले. हे वाक्य ते उन्हाळ्यापासून म्हणत होते. मावशीच्या नवऱ्याला खोपोलीच्या बाजूला कधी काम असतं, कधी नसतं. घर तिच्या या कामावर चालतं, हे अध्यक्ष सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशीच्या घरी घट बसतात, म्हणून ती नवरात्राचे शेवटचे तीन दिवस सुट्टीवर गेली. जाताना मला म्हणाली, "काका, शेगडीला कुणाला हात लावू देऊ नका."

तो हात मीच लावला.

मी साजगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. म्हणजे यंत्राच्या प्रत्येक भागाचं नाव आणि कपाटाचा नंबर मला पाठ. तो भाग यंत्रात नेमकं काय करतो, हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन झेंडूच्या माळा घालून उभी करत. धुतल्यावर फिटर लोक त्यांना तेल लावत, हे मी पाहिलं असणारच. पण माझ्या लक्षात राहिले ते पेढे.

अध्यक्षांचा फोन आला, "तुम्ही कारखान्यातले, तुम्हालाच कळेल यातलं," आणि मी फुगलो. पोकळ मानापानाला मी आयुष्यभर हसत आलोय, पण तो मान माझ्या वाट्याला आला की हसायला येत नाही. चिंच, राख, काथ्या, पितळ उजळायची पावडर. सकाळभर घासत होतो. सळ्या चांदीच्या वाटाव्यात अशा निघाल्या. नवमीला त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, अध्यक्षांनी बार्बेक्यूच्या काठावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी आत सगळीकडे उडालं. फोटो निघाले; माझ्या हातात काथ्या तसाच होता. मग मी माळेसकट झाकण लावलं आणि वरून कव्हरची चेन ओढली. कव्हर नीट घातलेलं दिसल्यावर कामावर परतलेल्या मावशीनंही ते उघडलं नाही. त्या आठवड्यात परतीचा पाऊस रोज चारच्या सुमाराला हजेरी लावून जात होता.

पुढच्या शनिवारी सकाळी अध्यक्षांनी झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे मुंबईचे पाहुणे जेवायला यायचे होते. आत माळेचा चिखल झाला होता, आंबलेल्या खोबऱ्याचा वास येत होता, आणि चांदीच्या सळ्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. मी चहा पीत होतो तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला: 'मावशींच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे सोसायटीची मौल्यवान वस्तू खराब झाली आहे. एक तारखेपासून एजन्सी नेमण्यात येत आहे.'

बायकोनं माझ्या खांद्यावरून तो वाचला. "तुम्ही लिहिताय की मी लिहू?"

मी लिहिलं: 'सळ्या मी घासल्या. मावशी सुट्टीवर होत्या. चूक माझी.'

कुणीतरी लगेच ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग अध्यक्षांचा फोन. "तुमच्या मनाचा मोठेपणा आहे हा. गरीब बाईची चूक स्वतःच्या अंगावर घेताय. पण शिस्त ही शिस्त."

"अहो, मी खरोखरच घासल्या. फोटोत मीच आहे, हातात काथ्या घेऊन."

"तेच म्हणतोय मी. मोठेपणा." आणि लगेच पुढे, "उद्या बारा वाजता मला त्यावर जेवण हवंय. ते जमलं तर बोलू."

गुन्हा कबूल करून सत्कार पदरात पडल्याचा अनुभव मला नवीन होता. पण त्यानं मावशीचं काम वाचत नव्हतं. ते वाचवायला आता सळ्याच लागणार होत्या.

मी गावात गेलो. मावशी दारातच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "आवो काका, काकूंचा घावनाचा तवा कधी घासलाय का तुमी?"

"नाही. ती हातच लावू देत नाही."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"मग?"

माझ्या घरात तीस वर्षांहून जास्त काळ एक काळा तवा खुंटीला टांगलेला आहे. त्यावर घावनांखेरीज काही होत नाही, त्याला साबण लागत नाही आणि त्यावरून घावन रुमालासारखं सुटून येतं. तो बिडाचा आहे हे मला ठाऊक होतं. बार्बेक्यू बिडाचा आहे हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत होत्या.

सळ्या आणि तवा स्कूटरवर घालून आम्ही तिच्या अंगणात आणले. बायको मागून रिक्षानं आली. हा देखावा तिला चुकवायचा नव्हता. आधी नारळाच्या सोडणानं आणि वाळूनं कोरडा गंज काढायचा. ते काम मला. "घासायची हौस हाय ना, घासा आता," मावशी म्हणाली. मग एकदाच पाणी, आणि ओलं असतानाच अंगणातल्या चुलीवर. पाणी उडून लोखंड तापलं की तेल. मी वाटीभर ओतणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"भजी तळताय का? तेल लावायचं, आनि मग लावलंच नाय असं पुसून टाकायचं. जाड ऱ्हायलं तर चिकट होतं, मग चिकटच ऱ्हातं."

लावलं, पुसलं. धूर निघाला, धूर थांबला. परत लावलं, परत पुसलं. पडवीत तांदूळ निवडत बसलेली तिची सासू बराच वेळ हे बघत होती. शेवटी म्हणाली, "काय गं, लोखंडाची भाकरी करतेस का?"

"हा, आनि अध्यक्षाला वाढनार हाय," मावशी म्हणाली.

तिसऱ्या खेपेला लाल-करड्या सळ्यांवर तपकिरी छटा आली. पाचव्या खेपेला त्या काळ्या पडल्या, आणि त्या काळ्या रंगाला आतून चकाकी होती. मी चांदी काढली तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. दरम्यान बायकोनं क्लबहाऊसवर जाऊन शेगडीच्या पोटातली भिजलेली राख आणि झेंडू खरवडून काढले होते. भोकं बुजली होती, तीही मोकळी केली. परत आल्यावर तिनं तव्याकडे पाहिलं, त्यावर बोट फिरवलं आणि मावशीला म्हणाली, "माझ्या तव्याचा धाकटा भाऊ झाला."

रविवारी कोळसे अकरालाच पेटले. पाहुणे आले. अध्यक्षांनी बोलायला सुरुवात केली आणि त्यांचं बोलणं चालू असतानाच मावशीनं कांदा फिरवून सपाट तव्यावर तांदळाचं पहिलं घावन टाकलं. हा बेत तिचा. "कोंबडी चिकटली तर कुणाला कळनार नाय," ती मला सकाळी म्हणाली होती. "घावन खोटं बोलत नाय." चिकटलं असतं तर सगळ्यांदेखत चिकटलं असतं. घावनाला जाळी पडली. कड सुटली. शेजारी बायको माझं मनगट दाबत होती. मावशीनं उलथनं नुसतं खाली सरकवलं आणि घावन अख्खं वर आलं, दुमडलं आणि पानात पडलं. पाठोपाठ सळ्यांवरची कोंबडी, तीही चटकन सुटली. खाली कातडीचा तुकडासुद्धा राहिला नाही.

पाहुण्यांमधल्या एक आजी उठून थेट शेगडीपाशी आल्या. भाषण अजून चालू होतं.

"बीड इतकं चांगलं कुणी राखलंय?"

अध्यक्ष थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे बोट केलं. बायकोनंही केलं. आजींनी मावशीच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "माझ्या सुनांना कितीदा सांगितलं, घासू नका म्हणून. तू जरा सांग त्यांना." मग अध्यक्षांकडे वळून, "ही सोडून गेली तर तुमचं हे धूड भंगारात जाईल बरं का."

"छे छे, सोडून कशी जाईल," अध्यक्ष म्हणाले. "आमच्याच आहेत त्या."

"मग एजन्सी?" मी विचारलं. मोठेपणा करायची माझी इच्छा संपली होती.

"कसली एजन्सी?" ते म्हणाले, आणि पानातलं घावन तोडू लागले. संध्याकाळी ग्रुपवरचा तो जुना संदेश काढून टाकलेला दिसला. एक तारीख आली आणि गेली; मावशी नेहमीच्या वेळेला आली आणि तिनं नेहमीचा चहा घेतला.

एक अट तिनं घातली, ती तोंडी आहे आणि सर्वांना पाठ आहे: शेगडी तिच्या हाताखाली, दुसऱ्या कुणी झाकणाच्या आत हात घालायचा नाही. पुढच्याच रविवारी अध्यक्षांना सळीवर कसला तरी डाग दिसला आणि त्यांनी सवयीनं बोट पुढे केलं.

"साहेब," मावशी मागं न बघता म्हणाली, "हात."

अध्यक्षांनी हात खिशात घातला. मीही, त्यांच्या शेजारीच उभा असल्यामुळे, माझा घातला.