मॅनेजर पाहिजे, पगार पस्तीस हजार

"ऊठ. खुर्चीला तेल लागेल."

मॅडम बोलल्या. समोर सोफ्यावर चार-पाच गिऱ्हाइकं. मी काउंटरच्या खुर्चीत बसून फोनवर अपॉइंटमेंट घेत होते. सात वर्षं ते काम मीच करत आले होते. तरी उठले. अंगाला तेल नव्हतं, तरी कपडे झटकले. का झटकले? त्याची लाज मला अजून वाटते.

जळगावातल्या त्या स्पाच्या मॅडम मालकीण. मी मालिश करणारी. पगार बारा हजार. पण पोरींच्या ड्युट्या लावणं, तेल-टॉवेल मागवणं, चिडलेल्या बायकांना समजावणं, नवीन पोरींना हात शिकवणं, बठ्ठं माझ्याच डोक्यावर.

एक दिवस मॅडमचा मेसेज आला. 'स्पा मॅनेजर पाहिजे. पाच वर्षांचा अनुभव. पगार पस्तीस हजार.' खाली मला लिहिलेलं, 'ग्रुपवर टाक.'

तीनदा वाचला. मग धीर करून विचारलं, "मॅडम, मीच केलं तर?"

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"अगं, तुझे हात सोन्याचे आहेत. तू हाताचंच काम कर. मॅनेजर म्हणजे इंग्रजी, बोलणं, राहणं..."

आणि मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. माझ्याच हातानं!

पुण्याहून श्रेया आली. चोवीस वर्षांची. पाच वर्षांचा अनुभव कुठला, सहा महिन्यांचा कोर्स. तिला केबिन, केबिनला एसी. मी जळले. तिच्या नखांवर जळले, तिच्या उशिरा येण्यावर जळले. पगाराच्या दिवशी तर अंगाचा तिळपापड व्हायचा. हेवा वाईट म्हणतात. असेल. माझे डोळे हेव्यानंच उघडले. तिचा पगार कळला नसता, तर बारा हजारांत मी मॅडमचे उपकार मानत बसले असते.

मे महिना. भर दुपारी रावेरहून एक अक्का आल्या, एसटीनं. तोंड लालबुंद. मी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. असल्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी निवू द्यायचं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

श्रेया आली. "पॅकेजमध्ये स्टीम पहिली आहे. तीनला पुढचं बुकिंग आहे."

"ताई, ऊन लागलंय त्यांना."

"तुला विचारलं का?"

तिनं त्यांना आत नेलं. थोड्याच वेळात अक्का त्या वाफेच्या खोलीत कोसळल्या. मीच ओढून बाहेर काढलं, ओली चादर गुंडाळली, डॉक्टरांना बोलावलं. वाचल्या बिचाऱ्या.

संध्याकाळी मॅडमनी माझ्यापुढे कागद सरकवला. "लिही, स्टीम तू लावलीस. श्रेयाचं करिअर आहे. तुझं काय जातं?"

माझं काय जातं! म्हणजे माझ्याकडे जाण्यासारखं काहीच नाही, असं ठरलेलंच होतं. कानशिलं तापली.

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "पगार तिचा, तर चूकही तिचीच."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

पेन तिथेच टाकून निघाले.

सोनगीरला आईकडे गेले. आई जन्मभर घरोघरी बाळंतिणींना चोळत फिरली. देतील ते पदरात घेतलं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठं काम तू करस नि पगार तिले? मंग मांगस का नही?"

तिनं स्वतः कधी तोंड उघडून मागितलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात धुळ्याला एका हॉटेलच्या स्पात मुलाखत दिली. मॅनेजरच्या जागेसाठी.

"आधी काय करत होतात?" साहेबांनी विचारलं.

"मालिश. आणि स्पाही मीच चालवत होते."

"पगाराची अपेक्षा?"

"पस्तीस हजार."

साहेब हसले. "बाई, थोडं कमी करा."

"नाही करणार."

अजून त्यांचा फोन नाही. न येवो. दुसरीकडे जाईन, तिसरीकडे जाईन. आकडा हाच सांगेन, आणि समोरच्याचं हसू संपेपर्यंत तिथून हलणार नाही.