राजाची उडी

आमच्या हिला बुद्धिबळ तिच्या वडिलांनी शिकवलं. लग्न होऊन धारला आली आणि समोर बसणारं कोणी राहिलं नाही. मी चौथीत शाळा सोडलेला, किराणा तोलणारा. माझं डोकं त्यात चालत नाही. मग पोळ्या झाल्या की ही पट मांडायची आणि दोन्ही बाजू स्वतःच खेळायची.

मागच्या हिवाळ्यात सुनेनं देवासच्या बायकांच्या स्पर्धेत हिचं नाव दिलं. ही बसमध्ये म्हणाली, "जिंकायचं नाही हो मला. एकदा समोर माणूस पाहिजे."

समोर आली देवासचीच एक शिक्षिका, सुनेच्या वयाची. डाव बराच चालला. मग बाईनं हिचा राजा कोपऱ्यात कोंडला, आणि हिनं तो उचलून घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

पंच आला. "माताजी, ये क्या किया?"

"आमच्याकडे राजा एकदा उडतो. शह बसायच्या आधी."

"यहाँ नहीं उड़ता. और अब हाथ लगाया है, तो राजा ही चलना पड़ेगा."

आजूबाजूच्या पोरी हसल्या. हिचे कान लाल झाले. राजा सरकवला आणि मात झाली. मला वाटलं, आता ही पटाला पुन्हा हात लावत नाही.

पण ती शिक्षिका म्हणाली, "काकू, माझे आजोबा मारायचे ही उडी. चला बाहेर, तुमच्या नियमानं एक डाव होऊ द्या."

"हरशील हं."

"हरवा तर खरं!"

पायरीवर पट ठेवून दोघी बसल्या. मी आणलेला चहा गार झाला.

परतताना ही इंदूर येईपर्यंत एकटीच हसत होती. "पुन्हा हरले हो. म्हातारी म्हणून सोडलं नाही तिनं मला!"

पुढे ही अंथरुणाला खिळली, तेव्हा ती बाई रोज फोनवर चाल सांगायची. ही उत्तर द्यायची, मोहरे मी हलवायचो. एक डाव अर्धाच राहिला आणि ही गेली.

तेराव्याला बाई देवासहून आली. पट मी तसाच ठेवला होता. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"काका, काकू जिंकत होत्या."

मला त्यातलं काही कळत नाही. पण त्या बाईनं हिला कधी सोडलं नव्हतं, म्हणून ते मी खरं मानतो. देव तिचं भलं करो.