खंडेनवमीला पूजलेलं कार्ड

आमच्या घरात प्लास्टिकचं कार्ड मुदत संपली म्हणून कामातून जात नाही. बँकेचं जुनं कार्ड कढईला धरलेलं पिठलं खरवडतं. कुठल्याशा दुकानाचं सवलतीचं कार्ड आहे, त्यावर आम्हाला कधी दमडीची सवलत मिळाली नाही, पण लॅचच्या फटीत सारलं की दार उघडतं. नवरा किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यात पटाईत, म्हणून ते शेजारणीकडे ठेवलंय. फक्त एक कार्ड मी असल्या कामाला लावू देत नाही. ते माझं पहिलं कार्ड, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापडगिरणीचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. अकोल्याकडचं आमचं वावर बाबांनी दुसऱ्याला मक्त्याने कसायला दिलं, बैल मामाकडे गेले, आणि आम्ही तिघं अमरावतीत दोन खोल्यांत राहायला आलो, माझ्या नव्या नोकरीच्या भरवशावर. नोकरी अजून कच्ची होती. "खाडा केला तर घरीच बसा," असं सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गेटवर भिंतीला एक यंत्र होतं, त्याला कार्ड दाखवलं की हजेरी लागायची. कार्ड विसरलेल्याला वॉचमन सरळ परत पाठवायचे. म्हणून मी ते कार्ड दाराजवळच्या खिळ्यावर टांगायचे आणि कुणी नुसता हात लावला तरी माझा पारा चढायचा.

आणि शहरातल्या आमच्या पहिल्याच खंडेनवमीला, सकाळी निघताना बघते, तर खिळा रिकामा.

गावी खंडेनवमीला बाबा पाटावर हत्यारं मांडायचे. वखराचं लोखंडी पातं म्हणजे पास, कुऱ्हाड, विळे. वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, कारण तेही वर्षभर राबलेलं असतं. दसऱ्याला बाबा एकेक हत्यार उचलायचे, पात्यावरून अंगठा फिरवायचे आणि "धार बरी हाय" म्हणत ज्याचं त्याच्या हातात द्यायचे. इथे शहरात पाटावर मांडायला काय होतं? आईची विळी. आणि विळीच्या शेजारी, झेंडूच्या फुलांत, माझं कार्ड. फोटोतल्या माझ्या कपाळावर बरोबर मधोमध कुंकू.

"आई! कार्ड काहून ठेवलं तिथं?"

"काहून म्हंजे? ज्याच्यावर घर चालते ते हत्यार. आज त्याले हात लावाचा नाई."

"अगं, कार्डाशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. नोकरी जाईल माझी!"

"नाई जात. मी येतो संगं. सांगतो त्यायले," आई म्हणाली.

मी आशेने बाबांकडे पाहिलं. शहरात आल्यापासून ते घरात कमीच बोलायचे. पाटाकडे बघत म्हणाले, "मायले इचार."

तेव्हा पूजेतलं कार्ड उचलून पळायची माझी छाती झाली नाही, आणि त्याचाच राग मला जास्त आला. आई हिरवं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घेऊन माझ्याबरोबर काळीपिवळी जीपमध्ये बसली. मी रडकुंडीला आलेली, आणि ही शेजारच्या बाईला सगळी हकिगत सांगतेय. गाडीत लगेच दोन पक्ष पडले. ड्रायव्हर आईच्या बाजूचा निघाला. "बराबर हाय मावशी. मी बी गाडी पूजा करूनच काढली," तो म्हणाला. मग तू आज गाडी कशी चालवतोस, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

गेटवर वॉचमनचाचा उभे होते. पांढरी दाढी, कडक इस्त्री, नियमाला त्याहून कडक. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"भाऊ, पोरीचं कार्ड पूजेत बसलं हाय. आज हालवता येत नाई. तिले आत घ्या."

चाचांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. त्यांच्या मागे भिंतीवरच्या यंत्राला झेंडूचा भलामोठा हार घातलेला होता. बटणांवर हळदकुंकू, खाली फोडलेला नारळ.

"बाई, साहेबानं सकाळीच पूजा केली याची," चाचा म्हणाले. "हात लावू नका बोलले. आज अंदर बी साफसफाई आन् पूजाच हाय. हजेरी मी हातानं लिहून राहिलो. जा बेटा अंदर."

आई माझ्याकडे वळली. "पाह्य, मशीनले समजते, तुले समजत नाई."

चाचा इतके हसले की त्यांना टोपी सावरावी लागली. आईने पिशवीतला नारळ त्यांच्या हातात दिला आणि जिंकलेल्या पहिलवानासारखी परतीच्या काळीपिवळीकडे गेली. माझा राग कुठल्या कुठे पळाला होता, पण तिला ते कळू द्यायचं नाही म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही.

दसऱ्याला सुट्टी होती. सकाळी आंघोळ करून बाबा पाटासमोर बसले. विळी उचलून त्यांनी आईला दिली. मग कार्ड हातात घेतलं. फुंकर मारून हळद उडवली, माझा फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता त्यांना वावराची आठवण येणार.

त्यांनी कार्डाच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. कार्डाची दोरी माझ्या गळ्यात घातली.

"धार बरी हाय," बाबा म्हणाले.