ब्राउझरमधलं शेवटचं नाव

निहार, ईरा,

तुमची आजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीशी मी वाद घातले आहेत. भुताच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांना "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" एवढं विचारून गप्प केलं आहे. आज तोच प्रश्न कुणी मला विचारला तर मला "हो" म्हणावं लागेल. म्हणून वाचकांच्या अनुभवांच्या या सदरासाठी हे लिहिते आहे. तुम्हीही वाचा. मराठी अडलं तर आईला विचारा.

जागा तुमच्या ओळखीची — बिबवेवाडीतला आपला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जेवणाचं टेबल, त्यावर माझा जुना लॅपटॉप. घरात आम्ही दोघी, मी आणि माझी मोठी बहीण. ताईने लग्न केलं नाही. खडकीला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली, आणि तुमचे आजोबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली.

लॅपटॉपवरचे माझे पासवर्ड ठरवून दिले ते तिनेच. "देवांची नावं नकोत, शकू. देव सगळेच ठेवतात. आपली माणसं ठेव, ती विसरायला होत नाहीत." म्हणून गॅस बुकिंगला आमचा भाऊ वसंता, वीजबिलाला आमची आई इंदू, फोटोंच्या अकाउंटला तुमचे आजोबा माधव, आणि ईमेलला मी, शकू. नावांपुढे आकडे आणि चिन्हं होती, ती मी सांगणार नाही. चोरांनी वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

एका सकाळी ब्राउझरने गॅसचा पासवर्ड भरला नाही. सेव्ह केलेल्यांच्या यादीतूनच तो गेला होता. मला पाठ होता, मी टाइप केला, परत सेव्ह केला. संध्याकाळी येरवड्याहून वसंताचा फोन आला. ताईने दोन शब्द ऐकले आणि फोन माझ्याकडे दिला. "कोणी वसंत आहे म्हणतोय. तुझ्या ओळखीचा का?"

ताईचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं, औषधं चालू होती. मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. का जोडाव्यात?

निहार, तुला आठवत असेल, तू व्हिडिओ कॉलवर माझी स्क्रीन बघत होतास.

"आजी, बंद करताना डेटा क्लिअर होतोय का बघ."

"ते ऑफ आहे."

"मग क्लीनर टाकलास का कुठला?"

"मी घरातलाच कचरा काढते, बाबा."

तू हसलास. नवीन प्रोफाइल करून दिलंस, सगळे पासवर्ड त्यात आणलेस. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर गॅसचा परत गेलेला, आणि सोबत वीजबिलाचाही. दुपारी ताई आईच्या तसबिरीसमोर उभी होती. "या बाई कोण गं? चेहऱ्यावरून सोशिक दिसतात."

डॉक्टर म्हणाले, या आजारात सहसा जुनी माणसं शेवटपर्यंत टिकतात, आईची आठवण इतक्या लवकर जाणं जरा वेगळं आहे. 'जरा वेगळं' हे शब्द घेऊन मी घरी आले.

फोटोंचा पासवर्ड गेला त्या दिवशी मात्र मी टेबलावरून उठून सरळ तिच्या खोलीत गेले.

"ताई, माधव आठवतात ना?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "समोरच्या बिल्डिंगमधले का?"

ज्या माणसाशी तिने रोज पत्त्यांवरून भांडण केलं, तो माणूस!

यादीत आता एकच ओळ उरली होती, ईमेलची. मी पाहिलं होतं की पासवर्ड जायचा तो ब्राउझर बंद करून उघडल्यावरच. मग मी ब्राउझर बंद करणं सोडलं. लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरवर. तू म्हणालास, "आजी, अपडेट पेंडिंग आहे, रीस्टार्ट कर." मी "करते" म्हटलं आणि केलं नाही. कारण सांगितलं असतं तर तू माझ्यासाठीही डॉक्टर शोधला असतास.

आणि मग वीज कंपनीचा मेसेज आला. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद, सकाळपासून. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. चार्जर काढला की तो मिनिटभरात मान टाकायचा. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि लिफ्टच्या जनरेटरवरून एक वायर मागितली.

"अहो, आज तुमचा लॅपटॉप, उद्या कोणी पीठगिरणी आणेल. तो लिफ्टसाठी आहे."

"ताईसाठी हवंय."

"काही मशीन लावलंय का त्यांना?"

"तसंच समजा. बंद पडून चालणार नाही."

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतः वायर ओढून दारापर्यंत आणून दिली.

ताईला मी टेबलाशी शेजारी बसवलं. ती शेंगा सोलत होती. पंखा थांबला. वीज गेली, आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला. स्क्रीन मंद झाली, कोपऱ्यात बॅटरीचं लाल चिन्ह आलं. मी ताईकडे पाहिलं. तिचे हात शेंगांवर थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती, पाहुण्यांकडे बघतात तशी, जरा संकोचून. मग तिने पदर सारखा केला.

"आपण... कधी आलात?"

खाली जनरेटर एकदा खोकला, बंद पडला, पुन्हा खोकला आणि सुरू झाला. स्क्रीन उजळली.

"अशी काय बघतेस, शकू? चहा टाक की."

मी चहा टाकला.

त्यानंतर काही आठवडे ताई होती. खाणं विसरली, चालणं विसरली. मला विसरली नाही. डॉक्टरांनाही नवल वाटलं. गेली त्या सकाळी म्हणाली, "शकू, पायावर घाल काहीतरी." मी चादर घातली.

योगायोग, आजार, म्हातारीच्या मनाचे खेळ — ही तिन्ही अनुमानं मी तपासली. तिन्ही त्या गुरुवारपाशी अडतात.

लॅपटॉप अजून टेबलावर चालू आहे. ताई गेली, आता तो बंद करायला काय हरकत आहे, असं मी रोज स्वतःला सांगते आणि हात पुढे नेते. पण गेलेल्या माणसाला काय आठवतं आणि काय नाही, यातलं मला काहीही माहीत नाही. तिथे कुठे तरी ती पदर सारखा करून बसली असेल, आणि मी गेले की मलाही विचारेल — आपण कधी आलात?

तेव्हा दिवाळीत याल तेव्हा त्याला हात लावू नका. निहार, अपडेटही नको.

— आजी