शांतवनचं मशीन

शांतवन गेल्याचं मला घरच्यांकडून कळलं नाही. फोन त्याच्या कारखान्यातल्या नीलेशचा होता. "ताई, आपला शांत्या..." एवढंच बोलून त्याने फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. शांतवन माझा मावसभाऊ, माझ्याहून धाकटा. डेंग्यूने नगरच्या दवाखान्यात होता. त्याला प्लेटलेट्स द्यायला सुप्याच्या कारखान्यातली पोरं मिळेल त्या गाडीने आली होती, आणि त्यांना गोळा करणारा नीलेशच होता. या दोघांचं इतकं जमेल असं दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी तरी मानलं नसतं.

आमचं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. माझे वडील सुवार्तिक, गावोगाव येशूची शिकवण सांगणारे. आम्ही नगरकडच्या अकोले गावात राहायचो आणि वडील राजूरच्या बाजारात पत्रकं वाटायला जायचे. सुट्टीत शांतवन आला की आम्ही दोघं बसून त्यांच्या घड्या घालायचो. वर मोठ्या अक्षरात एक प्रश्न, खाली ठाम उत्तर. मी त्यावरच वाढले, म्हणून मला अजूनही मधलं काही सुचत नाही. शांतवन सुप्याला लागला तेव्हा मी त्याला म्हणाले, कँटीनमध्ये पत्रकं ठेव. तो हसला. "ताई, तुझं पत्रक एका मिनिटात वाचून हुतं. माझ्यासंगं ती पोरं अख्खी शिफ्ट असत्यात. त्यांना मी दिसतोच की."

तो पॉवर प्रेसवर होता. पायाने पट्टी दाबली की वरचा साचा खाली येतो आणि पत्रा कापला जातो. एका पाळीला शांतवन, दुसऱ्या पाळीला नीलेश, मशीन एकच. तिथला रिवाज असा, की खंडेनवमीला मशीन ज्याच्या हातात असेल त्यानेच त्याची पूजा करायची. त्या वर्षी सकाळची पाळी शांतवनची होती. त्याने प्रेस डिझेलने पुसून लख्ख केली, खालची फरशी धुतली, आणि मिस्त्रींनी कुंकवाची वाटी पुढे केली तेव्हा हात जोडून म्हणाला, "मामा, हे मला जमायचं न्हाई."

"काय रं फादर," कुणीतरी मागून म्हणालं, "आमच्या नारळानं तुझा येशू बाटतो व्हय?"

"येशू न्हाई बाटत. मी खोटा पडतो."

पोरं हसली. त्याला वाटलं मिटलं. दुसरं कुणी पूजा करील असं प्रत्येकाला वाटलं, आणि ते मशीन तसंच राहिलं. इकडे आमच्या चर्चच्या तरुण संघात वेगळीच चौकशी. पूजा चालली होती तर तू बाहेर का नाही गेलास? तो म्हणाला, "दोस्त हायेत ते माझे. त्यांच्या मयतीलाबी बाहेरच उभा राहू का?" त्याची बाजू कुणी घेतली नाही. मीसुद्धा त्या सभेत बाहेर जाण्याच्याच मताची होते.

दिवाळीनंतर त्याच प्रेसवर नीलेशच्या दोन बोटांची पेरं गेली. पायपट्टीची स्प्रिंग तुटली होती, ती मिस्त्रींनी स्वतः काढून दाखवली. पण स्प्रिंगवर कोण विश्वास ठेवतो? सगळ्या कारखान्यात एकच मशीन पूजेवाचून राहिलं होतं. शांतवनच्या शेजारी डबा उघडायचं पोरांनी बंद केलं. शिव्या नाहीत, भांडण नाही... नुसती रिकामी बाकं. मिस्त्री त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, मनात न्हाई तर न्हाई, वरून तरी लाव. पोरं निवळतील."

त्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तो मला म्हणाला, "एका चिमटीनं सगळं मिटतंय ताई." मी माझं ठाम उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने ते ऐकूनच घेतलं नाही. "पण मी कुंकू लावलं की कबूल केल्यासारखं हुतं. नीलेशची बोटं मी पूजा केली न्हाई म्हणून गेली, असं. असला देव न्हाई माझा. आन् त्यांचाबी नसंल."

मग तो नीलेशच्या वस्तीवर गेला. पहिल्यांदा नीलेशच्या आईने त्याला ओट्यावरच थांबवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. तो परत गेला. ड्रेसिंगच्या दर खेपेला तो नीलेशला मोटारसायकलवर बसवून नगरला न्यायचा. वाटेतलं एक बोलणं नीलेशनेच मला नंतर सांगितलं.

"खरं सांग शांत्या, पूजा केली न्हाई म्हणून झालं का हे?"

"न्हाई."

"मला तर वाटतं."

"वाटू दे. नीट बस, डॉक्टर उठून जाईल."

आपल्या तरुणांना आपण काय शिकवतो? दारूला नाही म्हणा, सिगारेटला नाही म्हणा, वाईट संगत सोडा. सगळं खरं आहे. पण नाही म्हणून झाल्यावर त्याच माणसांत, त्याच बाकावर रोज जाऊन बसायचं, हे कुठल्याच पत्रकात मी वाचलेलं नाही. माझ्या मतांना आजवर काही मोजावं लागलं नाही, कारण माझ्याभोवती सगळे माझ्याच मतांचे. शांतवनने मोजलं, आणि तोंड कडू होऊ दिलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी वाटी पुन्हा पुढे केली, तर ती नीलेशने घेतली. "मशीन दोघांचं हाय मामा. नारळ मी फोडतो. ह्याला सोडा." नीलेशचा समज बदलला नव्हता, शांतवनचाही नाही. तो बाजूला उभा राहिला आणि त्या मशीनवर हात चालवणाऱ्या सगळ्यांसाठी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. मग दोघांनी एका डब्यात जेवण केलं. नीलेशच्या आईने वांग्याचं भरीत शांत्यासाठी म्हणून दिलं होतं, असं तो अजून सांगतो.

यंदाची खंडेनवमी शांतवन गेल्यावर थोड्याच दिवसांनी आली. त्यानंतर दोन दिवसांनी मी त्याचे बूट आणि कपडे आणायला सुप्याला गेले. नीलेशने मला प्रेस दाखवली. झेंडूची माळ सुकली होती. साच्यावर, चाकावर, मागच्या पत्र्यावर, सगळीकडे कुंकवाची बोटं उठली होती. फक्त समोरची पट्टी, जिथे शांतवन डावा हात टेकून उभा राहायचा, ती कोरी होती. पुसून लख्ख केलेली.

मी विचारलं, "इथं राहिलं का?"

नीलेश म्हणाला, "राहिलं न्हाई, ठेवलं. त्याला चालायचं न्हाई ना. आता न्हाई म्हणायला तो न्हाई, म्हणून लावायचं का?"

त्या गार पट्टीवर मी हात टेकला. मग पाळीचा भोंगा झाला, नीलेशने हातमोजे चढवले, आणि मी बाजूला झाले.