डोळ्याच्या धड्याला आम्ही सगळे हसलो

मंडळी, शाळेतून आल्यापासून जेवण जात नाहीये, म्हणून तुमच्याशी बोलतो.

दारव्ह्याजवळच्या आमच्या शाळेत व्हीआर चष्मा आलाय. तो घातला की माणसाच्या डोळ्याच्या आत फिरून येता येतं. आज दहावीला त्यावरच डोळा शिकवला. पोरं खूश.

मग मला हुक्की आली. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की नजर अधू झालेल्या माणसाला दिसतं तसं समोरचं सगळं धुरकट दिसतं. मी म्हटलं, "आता चालून दाखवा." चष्मा घालून एकेक पोरगं बाकांवर आदळायला लागलं, वर्ग खो-खो हसला. मीही हसलो.

सुजाता हात पुढे करून चालली आणि भिंतीला थडकली. हसू आणखी वाढलं. ती मात्र चष्मा काढेना.

"सर, माह्या बाबाले असंच दिसते का?"

तिचे वडील कपाशीवर फवारणी करायला मजुरीने जायचे. यंदा औषधाची बाधा झाली आणि नजर अधू झाली. हे मला माहीत होतं. बटण दाबताना आठवलं नाही.

"काल त्यायच्या हातून ताट सांडलं सर, तं मी लय बोलली त्यायले."

मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "नाही सर, बरं झालं. मले समजलं."

तिला समजलं, पण आमच्या हसण्यात.

उद्या दुसऱ्या तुकडीला हाच धडा आहे. तुम्ही असता तर ते बटण दाबलं असतं का?